चिमणी फुगलीय, आजारी नाही

जुळे सोलापूरमधल्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. नाव अर्थातच देत नाही. पत्र चार पानी आहे, त्याचं सार असं:

‘घरामागं अर्ध्या गुंठ्याचं परस आहे. शेवगा, कडीपत्ता, पेरू, जास्वंद, तुळशीवृंदावन आणि शेवंतीच्या वीसेक कुंड्या. यंदाची थंडी सोलापूरची वाटतच नाही. खोबरेल तेलाची बाटली दुपारीसुद्धा गोठलेली असते. सकाळी सातला चहा घेऊन मागच्या ओट्यावर बसते, तर चिमण्या तारेवर चेंडूसारख्या फुगून बसलेल्या असतात. खार दिसत नाही, सरडा बेपत्ता आहे, तुळस काळवंडतेय. गेल्या आठवड्यात ओट्यावर एक शिंजीर निपचित पडलेला सापडला. हातात घेऊन चमच्यानं साखरेचं पाणी पाजलं, पाच मिनिटांत गेला. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. पक्ष्यांसाठी खोक्यात बल्ब लावावा, रोज किलोभर धान्य टाकावं, तुळशीवर चादर घालावी असं चाललंय मनात. आमचे हे म्हणतात, धान्य टाकलंस की उंदीर येतील आणि उंदरामागं साप येईल. ते जीव कुडकुडत असताना मी चहा पीत मजा बघते, याचीच लाज वाटायला लागलीय. काय करू?’

ताई,

आधी त्या शिंजिराचं बोलू. बाकीचं सगळं पत्र त्याच्याभोवतीच फिरतंय.

शिंजीर म्हणजे फुलांतला मध पिणारा, सात-आठ ग्रॅमचा इवलासा पक्षी. तुमच्या कपात पडणाऱ्या दीड-दोन चमचे साखरेएवढा. त्याचं अंग दिवसा चाळीस अंशांच्या आसपास तापलेलं असतं आणि एवढ्याशा देहातली ऊब झपाट्यानं निघून जाते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची रात्र जवळजवळ तेरा तासांची. मावळतीपर्यंत जे मध आणि किडे पोटात गेले, त्यावर ती काढायची. म्हणून काही जातींचे शिंजीर गार रात्री अंगाचं तापमान खाली उतरवून शिल्लक पुरवून वापरतात. पहाटे असा पक्षी सापडला तर तो सुस्त असतो, डोळे अर्धे मिटलेले असतात आणि हाताला गार लागतो. ऊन अंगावर आलं की तो पुन्हा ताळ्यावर येतो.

तुमचा शिंजीर थंडीनंच गेला, हे मात्र तुम्ही धरून चाललाय. ओट्यावर, खिडकीखाली लहान पक्षी पडलेला सापडला तर पहिला संशय काचेवर घ्यावा, दुसरा मांजरावर, आणि मग थंडीवर. काचेत शेवग्याचं प्रतिबिंब दिसतं, पक्षी झाड समजून सरळ जातो आणि डोक्याला मार बसतो. मार जबर असेल तर अशा पक्ष्याला वाचवणं जवळजवळ अशक्यच असतं. ओट्यावरच्या खिडकीला बाहेरून मच्छरजाळी ताणून लावा, किंवा काचेवर बाहेरच्या बाजूनं चुन्याचे उभे पट्टे चार-चार बोटांवर ओढा. दिसायला बरं नाही दिसत, पण काम होतं.

चमच्यानं पाणी मात्र पुन्हा कुणाला पाजू नका. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. गारठलेल्या किंवा मार बसलेल्या पक्ष्याला नीट गिळता येत नाही, आणि चोचीत सोडलेला थेंब पोटाऐवजी फुफ्फुसात जाऊ शकतो. कुणीही तेच केलं असतं, म्हणून हे इथं सगळ्यांसाठीच लिहितोय. पुढच्या वेळी बुटाचं खोकं घ्या. झाकणाला पेन्सिलीनं आठ-दहा भोकं पाडा. तळाशी जुनं, गुळगुळीत सुती कापड घाला. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. अर्ध्या लिटरच्या बाटलीत मनगटाला सोसेल इतकंच कोमट पाणी भरून ती फडक्यात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त ऊब झाली तर पक्ष्याला सरकायला जागा राहते. झाकण लावून खोकं अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. पंखा नको, टीव्ही नको, नातवंडं नकोत. सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे दर पाच मिनिटांनी उघडून बघायचं नाही. माणूस तोंडाशी आला की पक्षी घाबरतो आणि उरलीसुरली ताकद त्यातच जाते. अर्ध्या-पाऊण तासात आतून फडफड ऐकू आली की खोकं उन्हात, उंचावर नेऊन झाकण काढा आणि बाजूला व्हा.

पंख लोंबत असेल, रक्त असेल किंवा मांजरानं धरला होता हे माहीत असेल तर तासभर वाट बघत बसू नका. मांजराच्या दातानं झालेली जखम वरून दिसतही नाही, पण तोंडातल्या जंतूंनी पक्षी एक-दोन दिवसांत दगावतो. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे, तिथं फोन करा. बरा होईपर्यंत पिंजऱ्यात ठेवू, असा विचारही नको. रानपाखरं पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही.

आता तारेवरच्या चिमण्या. त्या फुगतात म्हणजे पिसं उभी करून मधे हवा कोंडतात. रजईत कापूस जे काम करतो, तेच. सोलापूरचा जानेवारीतला पारा एरवी रात्री पंधरा-सोळापर्यंत उतरतो. मैदानी भागात किमान तापमान दहा किंवा त्याखाली गेलं आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी घसरलं, की हवामान खातं त्याला थंडीची लाट म्हणतं. आपल्याला ती झोंबते, कारण आपलं अंग आणि आपली घरं दोन्ही बेचाळीस अंशांच्या हिशेबानं घडलीत. चिमणीचं तसं नाही. हीच चिमणी काश्मीरच्या बर्फातही राहते. आणि भिंतीवर बसून शेपटी थरथरवणारा, काळपट अंगाचा, तांबड्या पोटाचा थिरथिरा तुमच्याकडे येत असेल, तर तो उत्तरेतली थंडी टाळायलाच इतक्या लांब आलाय. त्याच्या लेखी जुळे सोलापूर हे उबदार गाव आहे.

तरी आजारी आणि फुगलेला यातला फरक ओळखता यायला हवा. सातला गोल आणि साडेनऊला सडपातळ, चपळ, भांडकुदळ असेल तर चिमणी ठणठणीत आहे. भर दुपारच्या उन्हातही फुगलेली, डोळे मिटत असलेली, जवळ गेलं तरी न उडणारी असेल तर ती आजारी आहे. असा पक्षी दिसला तर दाणे दोन आठवडे पूर्ण बंद करा आणि भांडी एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा द्रावणानं घासून, खळखळून धुऊन उन्हात वाळवा. दाण्यांवर गर्दी झाली की रोग चोचीचोचीनं पसरतो.

थंडीनं त्यांचं फारसं अडत नाही, मग अडतं कुठं? पाण्याशी. परतीचा पाऊस संपला की आपल्याकडची हवा कोरडी ठाक होते. डबकी आटतात, गटारं झाकलेली असतात. पिसं उबदार राहायची तर ती स्वच्छ लागतात, म्हणून पक्षी थंडीतही अंघोळ करतात. तेव्हा बल्बचे पैसे वाचवा आणि कुंभाराकडून एक मातीची परळ आणा. रुंदी फूटभर, खोली फार तर दोन इंच. आतून खरखरीत असलेली घ्या, गुळगुळीत चिनी मातीच्या ताटलीत पाय घसरतात. मधोमध मुठीएवढा दगड ठेवा, म्हणजे शिंजिरासारख्या छोट्यांना उभं राहायला जागा होते आणि पाण्यात पडलेली मधमाशी बाहेर येते. परळ कमरेएवढ्या उंचीवर, सकाळचं ऊन पडेल अशी, आणि जवळच्या दाट झुडपापासून सहा-सात फूट लांब ठेवा. झुडपाला चिकटून ठेवली तर मांजराची सोय होते. पाणी आठच्या सुमाराला भरा. रात्रीचं पाणी सकाळी बर्फासारखं गार असतं, ते कुंडीत ओता.

नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात हे चोचले वाटतील. पण परळीत दीड लिटरच मावतं, आणि तांदूळ-भाजी धुतलेलं पहिलं पाणी गाळून चालतं. साबणाचं मात्र नको. एक दिवसाआड नारळाच्या शेंडीनं घासा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या कडेलाच चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून दिल्यानं ती जात नाहीत.

धान्याच्या बाबतीत तुमचे यजमान निम्मे बरोबर आहेत. किलोभर धान्य रोज टाकलं तर उंदीर येणारच, आणि त्याआधी पारव्यांची पलटण येईल. ती एकदा बसली की चिमणी जवळ फिरकत नाही आणि शेजाऱ्यांशी भांडण वेगळंच. पण मूठभर दाणे सकाळी टाकले आणि तासाभरात संपले, तर रात्री उंदराला खायला काय उरतं? दाणे न टाकणं हाही रास्त पर्याय आहे. तुमच्या परसात शेवगा, पेरू आणि शेवंतीवरचा मावा असताना पक्षी उपाशी मरणार नाहीत. दाणे टाकायचे ते तुम्हाला ते जवळून दिसावेत म्हणून, एवढं स्वतःशी कबूल करा. त्यात गैर काहीच नाही, आणि मग किलोभर टाकायची गरजही उरत नाही.

टाकायचंच तर बाजरी, राळं किंवा तांदळाची कणी, एक मूठ, म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम. हुरड्याचे दिवस आहेत. गावाकडून ज्वारीची पाच-सहा कणसं आणा आणि पेरूच्या फांदीला उलटी टांगा. चिमण्या आणि मनोल्या लोंबकळून खातात, जड पारव्याला ते जमत नाही. पारवे तरी हटत नसतील तर दाण्यांच्या ताटलीवर दीड इंची चौकोनाच्या जाळीचा पिंजरा उपडा घाला. चिमणी त्यातून आत जाते, पारवा आणि होला बाहेर राहतात. बुलबुलासाठी पपईची किंवा पेरूची फोड फांदीत खोचा, दुपारी काढून टाका. फरसाण, पाव, खारे शेंगदाणे, चटणीतले उरलेले दाणे, आंबूस वास येणारी भाकरी, यातलं काहीही नको. बुरशी धरलेला शेंगदाणा तर विषच. शिंजिरांसाठी साखरेचं पाणी टांगू नका. ते लवकर आंबतं, मुंग्या लागतात. तुमचा शेवगा याच दिवसांत फुलावर येतो, कोरफडीचे तुरे थंडीतच निघतात. हे दोन्ही छाटू नका, शिंजिराला पुरेसं झालं.

बल्बवाल्या खोक्याला माझा स्पष्ट नकार आहे. रात्रभर उजेडानं पक्षी नीट झोपत नाही, मांजराला जागा कळते, आणि लाकडी खोक्यात तापलेला बल्ब म्हणजे आगीला आमंत्रण. बिनदिव्याचं खोकं मात्र जरूर लावा. चिमण्या थंडीत रात्री त्यात झोपतात आणि फेब्रुवारी-मार्चपासून त्यातच घरटं करतात. अर्ध्या इंची प्लायवूडचं, आतून सहा इंच बाय सहा इंच, उंची आठ-नऊ इंच. भोक बत्तीस मिलिमीटरचं, तळापासून पाच-सहा इंच वर. भोकाखाली बसायला काडी लावू नका, ती कावळ्याच्या आणि साळुंकीच्या कामी येते. तळाला पेन्सिल जाईल एवढी तीन-चार भोकं पाडा, आतून रंग नको. हिवाळ्यात आपल्याकडे वारं पूर्व-ईशान्येकडून येतं, म्हणून तोंड दक्षिणेला ठेवा, आणि वर छज्जा असेल अशी जागा निवडा. पत्र्याचा डबा कुणी सुचवला तर ऐकू नका. आज तो बरा वाटेल, पण एप्रिलमध्ये त्यात पिल्लं भाजतील.

तुळशीकडे येऊ. आपल्याकडे हिमकण सहसा पडत नाहीत. तुळस काळवंडते ती गार रात्र आणि ओली मुळं, या दोन्हींच्या संगनमतानं. थंडीत झाड पाणी कमी ओढतं, आपण मात्र रोजचा तांब्या चुकवत नाही. वृंदावनात काळी माती भरलेली असेल तर ती आठवडाभर ओली राहते आणि मुळं गुदमरतात. बोट दोन पेरं आत घाला. ओलं लागलं तर त्या दिवशी पळीभर पाण्यानं पूजा करा आणि थांबा. पाणी नेहमी सकाळी, ऊन आल्यावर. वाळलेल्या मंजिऱ्या खुडा, खत आणि मोठी छाटणी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नको. पानं गळली म्हणून उपटूनही टाकू नका. नखानं खोडाची साल जराशी खरवडा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे.

सोलापुरी चादर तुमच्या अंगावरच शोभते, ताई. जाड चादर दव पिऊन जड होते आणि फांद्या मोडते. पारा दहाच्या खाली जाणार असेल त्या रात्रीच झाका. वृंदावनाभोवती झाडापेक्षा वीतभर उंच चार काठ्या रोवून त्यावर जुनं सुती लुगडं टाका, कडा जमिनीपर्यंत येऊ द्या. निरभ्र रात्री झाडाची ऊब सरळ आकाशाकडे निघून जाते, लुगडं तेवढं अडवतं. प्लास्टिक पानाला टेकलं की तिथंच पान काळं पडतं. सकाळी साडेआठ-नऊला लुगडं काढायलाच हवं. कुंड्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला लागून एकत्र ठेवल्या तर दुपारी तापलेली भिंत रात्री त्यांना शेकते, आणि त्याला काहीच खर्च नाही.

जास्वंदीची काही पानं थंडीत पिवळी पडणारच. मिलीबगचा पांढरा कापूस दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि दोन मिलि पातळ साबण. इथं एक गंमत होते. निंबोळी तेलही खोबरेलासारखं थिजतं. तसंच पाण्यात घातलं तर वर गोळ्या तरंगतात, पंपाचं तोंड बुजतं, आणि मग औषधात दम नाही म्हणून लोक मात्रा वाढवतात. बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, तेल आणि साबण आधी वाटीत फेटा, मग पाणी घाला. कडीपत्त्यावर मात्र फवारू नका. त्याच्या काडीला हिरवट किंवा तपकिरी, कमरेला धागा बांधून तिरका उभा असलेला कोष दिसेल. उन्हाळ्यात त्यातून आठ-दहा दिवसांत फुलपाखरू निघतं, थंडीत बराच जास्त वेळ लागतो. वाळलाय समजून लोक झाडून टाकतात.

खार कुठं गेली नाही. ती काथ्या-कापसाच्या घरट्यात उशिरापर्यंत लोळते आणि नऊ-साडेनऊला येते. सरडा ऊन भरपूर तापल्यावर कुंपणाच्या भिंतीवर अंग पसरून बसतो. अंग गरम होईपर्यंत त्याला पळता येत नाही, त्यामुळं त्या वेळी मांजराला आत कोंडा.

सापाचं यजमानांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. घोणस एरवी रात्री फिरते, पण थंडीत दिवसाही उन्हाला येते, पालापाचोळ्याच्या रंगात मिसळून जाते आणि सरकायचा कंटाळा करते. पाचोळा जाळू नका, त्यात किडे असतात आणि त्यावर दयाळ, सातभाई जगतात. पण ढीग घराला चिकटून नको, मागच्या कोपऱ्यात दाराजवळून पंधरा फुटांवर असू दे. हात घालण्याआधी लांब काठीनं हलवा, बूट घाला, अंधारात तिकडं जाऊ नका. चावलाच, तर बांधणं, कापणं, चोखणं काही न करता, तो अवयव न हलवता सरळ मोठ्या सरकारी रुग्णालयात.

राहिला तुमचा चहा. तो फक्त एक तास उशिरा घ्या. सातला तुम्हाला दिसतं ते सगळं दिवस उजाडायची वाट बघणारं परस. आठ ते दहा या वेळात पाठीवर ऊन घेऊन बसा, म्हणजे पक्ष्यांवर उजेड पडतो आणि रंग दिसतात. काळा-जांभळा नर शिंजीर न दिसता पिवळ्या पोटावर मधोमध काळी रेघ असलेला दिसला, तर तोही नरच, विणीबाहेरच्या कपड्यांतला. भिंतीवर पंख सपाट पसरून बसलेलं फुलपाखरू उडायच्या आधी अंग तापवत असतं. संध्याकाळी ज्वारीच्या रानांकडून परतणारे भोरड्यांचे थवे गच्चीवरून दिसतील. उजनी धरणावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला लोक गाड्या भरून जातात, थिरथिऱ्याला पेट्रोल लागत नाही. वहीत रोज पंधरा मिनिटं कोण किती दिसले ते लिहा. मूठ भरून दाणे टाकायचं काम यजमानांकडे द्या, म्हणजे माप वाढणार नाही आणि उंदरांवर नजरही राहील.

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीनंतर, शेवग्यावर आणि तारांवर अडकलेला मांजा आकड्यानं काढून कात्रीनं बोटभर तुकडे करून मग कचऱ्यात टाका. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ सालीच बंदी घातलीय, तरी तो सापडतोच.

आणि फेब्रुवारी संपता संपता परळ उन्हातून पेरूच्या सावलीत हलवा. तेव्हापासून ती दिवसातून दोनदा भरावी लागेल.